अक्षता पडतात तेव्हा चित्र का फुटतं?

प्रश्न : महाल भागात माझा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे, वीस वर्षांपासून लग्नांचं शूटिंग घेतो. मुलगी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला व्हिडिओ कॉम्प्रेशनमध्येच एम.टेक. करायचंय, मोशन कॉम्पेन्सेशन की काय म्हणते. मी म्हणतो, 5जी आलं, पेनड्राइव्ह स्वस्त झाले, आता फाइल लहान करायचा पगार कोण देणार? तिची आई बँकेच्या परीक्षा दे म्हणते. काय करावं?
– एक वडील, नागपूर

उत्तर : नमस्कार. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच हार्डडिस्कवर आहे. गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली एखादी क्लिप काढा आणि 'शुभ मंगल सावधान'पाशी या. अंतरपाट दूर होतो, चहूकडून अक्षता पडतात आणि नेमकं तेव्हाच नवरीच्या चेहऱ्यावर, शालूच्या जरीवर चौकोन उमटतात. तुम्हाला हे वीस वर्षं दिसतंय. का होतं, हे बहुधा तुमची मुलगी सांगू शकेल.

1920 बाय 1080चं चित्र सेकंदाला 25 फ्रेमने जसंच्या तसं साठवायचं तर सेकंदाला सुमारे 62 कोटी बिट लागतात. एवढं कुणी पाठवत नाही. म्हणून कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबणारी यंत्रणा, चित्राचे तुकडे करतो, एच.264 या पद्धतीत 16 बाय 16 पिक्सेलचे, आणि प्रत्येक तुकड्याला विचारतो: मघाच्या फ्रेममध्ये तू कुठे होतास? जागा सापडली की फक्त 'तिथून उचल, इतकं सरकव' एवढंच लिहायचं, आणि उरलेला बारीकसा फरक. सरकवणंही पाव पिक्सेलपर्यंत मोजून. मुलगी म्हणते ते मोशन कॉम्पेन्सेशन हेच. भटजी बसलेले, मागचा मांडव स्थिर, कॅमेरा तिपाईवर. तिथे लिहायला जवळजवळ काहीच नसतं. अक्षतांचा प्रत्येक दाणा मात्र आपल्या वाटेने जातो. जुळणारा तुकडा सापडत नाही, फरक मोठा उरतो, बिट तर ठरलेलेच. मग कोडेक बारकावे गाळतो आणि चौकोन दिसतात. फोटोग्राफरचा फ्लॅश पडला की तेच: एका फ्रेमपुरतं सगळं पांढरं, आणि मागचं काहीच कामाला येत नाही.

आता हा शोध किती महाग, ते बघा. चहूबाजूंना 16 पिक्सेलपर्यंत शोधायचं तर एका तुकड्यासाठी 33 गुणिले 33, म्हणजे 1,089 जागा. एका फ्रेममध्ये असे 8,160 तुकडे. सेकंदाला 22 कोटींवर तुलना झाल्या, आणि प्रत्येक तुलनेत 256 वजाबाक्या! मोबाइलच्या बॅटरीवर हे चालायचं नाही. कमी जागा तपासून जवळजवळ तेवढीच चांगली जुळणी कशी काढायची, यातच या क्षेत्रातली बरीचशी डोकेफोड आहे. पगार तिचाच मिळतो.

5जीचं म्हणाल, तर तुम्ही स्वतः डीव्हीडीवरून 4केवर आलात; चित्र बरोबर 20 पट मोठं झालं. पेनड्राइव्ह तुमचा स्वस्त झाला, पण तीच क्लिप लाखो लोकांना पाठवणाऱ्याला प्रत्येक बिटाचा खर्च आहे. म्हणून 2003च्या एच.264नंतर 2013मध्ये एचईव्हीसी आलं, त्याच दर्जाला साधारण निम्मे बिट घेणारं. मग 2018मध्ये एव्ही1, 2020मध्ये व्हीव्हीसी. हे काम आपल्याकडेही होतं: अँड्रॉइडमधला एचईव्हीसीचा सॉफ्टवेअर डिकोडर, म्हणजे दाबलेला व्हिडिओ उलगडणारा भाग, बेंगळुरूच्या इट्टियम कंपनीने लिहिलेला आहे.

पण क्षेत्र अरुंद आहे, हेही सांगतो. नागपुरात राहून हीच नोकरी मिळेल, या भरवशावर बसू नका. बेंगळुरू, हैदराबादची तयारी हवी. आणि गणित सुटत नाही. लिनियर अल्जिब्रा, प्रॉबॅबिलिटी, वर सी भाषा चांगली घोटलेली. 'व्हिडिओची आवड' म्हणून येणारी बरीच मुलं एडिटिंगवाली असतात, त्यांनी इकडे येऊ नये.

तिच्या आईंना सांगा, बँकेची परीक्षा वाईट नाही. पण ती आणि गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) एकाच वर्षी अर्धी-अर्धी करू नये. कुठली, ते ठरवायच्या आधी या सुट्टीत तिला एक काम द्या. तुमच्याकडून दहा-दहा सेकंदांच्या तीन क्लिप: तिपाईवरून घेतलेलं स्टेज, वरातीतला नाच, अक्षता. एफएफएमपेग हे व्हिडिओ दाबायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातल्या एक्स264 या एच.264च्या कोडेकने तिन्ही एकाच सीआरएफला (दर्जा ठरवणाऱ्या आकड्याला), समजा 23ला, दाबायच्या आणि फाइल किती किलोबाइटची झाली ते लिहायचं. मग शोधाची पद्धत बदलायची, आधी डायमंड, मग हेक्सागॉन (दोन्ही मोजक्याच जागा तपासणाऱ्या), शेवटी सगळ्या जागा तपासणारी. आणि दर वेळी साइझ, लागलेला वेळ, पीएसएनआर (चित्र मूळाशी किती जुळतं त्याचा आकडा) वहीत मांडायचं. वेळ कित्येक पट वाढून साइझ जेमतेम हलली तर का, हे तिने तुम्हाला मराठीत समजावून सांगावं.

ते सांगताना ती स्वतःहून चौथी क्लिप मागायला लागली, तर गेटचा फॉर्म भरून टाका. व्हीएनआयटी ही नागपूरचीच अभियांत्रिकी संस्था तर घरापासून जवळच आहे. वही आठवड्यात बंद पडली, तर आईंचं ऐकायला हरकत नाही.

क्लिप मात्र थेट कॅमेऱ्याच्या कार्डावरच्या द्या. एडिट करून पुन्हा एकदा दाबलेल्या दिल्या, तर तिचे आकडे खोटे येतील.