चोवीस तासांची लघवी कशासाठी?

प्रश्न : आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. माझ्या वडिलांचे डोके अधूनमधून एकाएकी ठणकू लागते, दरदरून घाम फुटतो, छातीत धडधडते आणि तेवढ्या वेळेपुरता रक्तदाब फार चढतो. सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडाच्या वर गाठ दिसली आहे. चिपळूणच्या डॉक्टरांनी २४ तासांच्या लघवीतील मेटानेफ्रिनची तपासणी सांगितली आहे. त्याऐवजी त्रास होत असतानाच रक्त तपासले तर चालणार नाही का?

उत्तर : डॉक्टरांना फिओक्रोमोसायटोमाची शंका आलेली दिसते. अ‍ॅड्रिनल या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या गाभ्यात होणारी ही विरळा गाठ अ‍ॅड्रिनॅलिन व नॉरअ‍ॅड्रिनॅलिन ही संप्रेरके अनेकदा मध्येच केव्हातरी रक्तात सोडते, त्यामुळे तीच मोजायची तर नेमकी ती वेळ साधावी लागते. मात्र गाठीच्या पेशी आतल्या आत त्यांचे मेटानेफ्रिनमध्ये अखंड रूपांतर करीत असतात, म्हणून वडील शांत झोपलेले असतानाही ते सहसा वाढलेलेच असते.

रक्तातील मेटानेफ्रिनची तपासणीही विश्वासार्ह आहे. पण त्यासाठी रुग्णाला आधी २० ते ३० मिनिटे उताणे निजवावे लागते. एसटीतून उतरून खुर्चीत बसल्याबसल्या रक्त दिले, तर नॉरमेटानेफ्रिन हा मेटानेफ्रिनचाच एक प्रकार उगाचच वाढलेले येते. केंद्रावर निजण्याची सोय नसेल तर लघवीचीच तपासणी बरी, असे माझे मत आहे.

सकाळची पहिली लघवी टाकून द्यावी व वेळ लिहून ठेवावी. नंतरची प्रत्येक, दुसऱ्या दिवशीची त्याच वेळची धरून, साठवावी. डब्यात प्रयोगशाळेने आम्ल घातले असेल तर ते ओतून टाकू नये, आणि लघवी वेगळ्या भांड्यात धरून मग सांभाळून डब्यात घालावी. डबा थंड ठेवावा; वीज गेली तर मासळीसाठी वापरतात तशी बर्फाची थर्माकोलची पेटी चालते. एखादी वेळ हुकली तर नव्याने सुरुवात करावी, कारण अपुऱ्या नमुन्यामुळे आजार नजरेतून निसटू शकतो.

चालू औषधांची यादी डॉक्टरांना अवश्य दाखवा. डोकेदुखीवर दिल्या जाणाऱ्या अ‍ॅमिट्रिप्टिलिननेही आकडे वाढतात, मात्र कोणतेही औषध परस्पर बंद करू नका. किंचित वाढ बहुधा फसवी निघते. तिपटीचौपटीची वाढ मात्र गाठीकडेच बोट दाखवते. अहवाल हाती येईपर्यंत गाठीत सुई घालून तुकडा काढू देऊ नये, कारण त्याने रक्तदाब जीवघेणा भडकू शकतो.