क्रोक-मस्यू (हॅम-चीज भरून, वर पांढरा सॉस आणि चीज घालून ओव्हनमध्ये भाजलेलं फ्रेंच सँडविच) घरी केला की ब्रेडचा लगदा होतो. कॅफेतल्यासारखा कुरकुरीत कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की वरचा थर छान होतो, पण खालचा स्लाइस काट्याने उचलायला गेलं की गळून पडतो. शिवाय ग्रुयेर मिळत नाही, तर साधं क्यूब चीज चालेल का, हेही विचारलंय. चीजचं नंतर बघू, आधी लगदा.

मी शिकायला फ्रान्समध्ये ल्योंला होते तेव्हा माझाही झाला होता. घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात मोठ्या उत्साहाने गॅसवरचा गरमागरम, पातळ सॉस कच्च्या ब्रेडवर ओतला आणि ताट ओव्हनमध्ये ढकललं. बाहेर आला तो दुधात बुडवून विसरलेला पाव. मादाम सत्तरीच्या होत्या, त्यांनी गुपचूप दोन घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी मात्र मला हाक मारली. ब्रेडचे स्लाइस जाळीवर भाजून गार करत ठेवलेले होते. त्यातला एक उचलून त्यांनी त्यावर नखाने टकटक केलं. दार वाजवल्यासारखा कोरडा आवाज आला. "हा आवाज आला की मग सॉस," म्हणाल्या.

नावातच ते आहे म्हणा. फ्रेंचमध्ये 'क्रोके' म्हणजे कुरकुर आवाज करत चावणं, आणि मस्यू म्हणजे महाशय. (हैदराबादचा मूसारामबाग ज्याच्या नावाने ओळखला जातो तो 'मूसा राम' म्हणजे मस्यू रेमाँ, 1795 साली खर्ड्याला निजामाच्या बाजूने आपल्याविरुद्ध लढलेला फ्रेंच सेनानी. तो मूसा आणि हा मस्यू एकच.)

आता कृती. दोघांसाठी ब्रेडचे चार स्लाइस. तिकडे 'पँ द मी' नावाचा मऊ, चौकोनी, पातळ कडेचा ब्रेड वापरतात. आपला साधा सँडविच ब्रेड चालतो, फक्त गोडसर मिल्क ब्रेड नको आणि शक्यतो आदल्या दिवशीचा घ्या. स्लाइस दोन्ही बाजूंनी फिकट सोनेरी भाजा आणि जाळीवरच गार करा. ताटात एकावर एक ठेवलेत तर स्वतःच्याच वाफेने परत मऊ पडतात. गार झाले की जी बाजू आत जाणार तिला लोण्याचा पातळ हात फिरवा. भाजल्यामुळे पृष्ठभाग कोरडा होतो आणि लोण्यामुळे सॉसचं पाणी लगेच आत झिरपत नाही. तुमचा निम्मा प्रश्न इथेच सुटेल.

उरलेला निम्मा सॉसमध्ये आहे. त्याला बेशामेल म्हणतात. 25 ग्रॅम लोणी वितळवून त्यात 25 ग्रॅम मैदा घाला आणि मंद आचेवर दोनेक मिनिटं परता. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त कच्चा वास जायला हवा. मग 200 मिली दूध थोडं थोडं घालत व्हिस्कने फेटत राहा. पहिल्या दोन डावांना गोळा होईल, घाबरू नका, पुढच्या दुधात तो सुटतो. उकळी आल्यावरही चार-पाच मिनिटं शिजवा, बहुतेक जण इथेच घाई करतात. चमच्याने पातेल्याच्या तळाशी रेघ ओढली की क्षणभर तळ दिसला पाहिजे. मिरपूड घाला आणि जायफळ किसा. जायफळ श्रीखंडात घालतो त्याच्याही निम्मं, नाहीतर सँडविचला सणाचा वास येतो. मीठ जवळजवळ नकोच, हॅम आणि चीज दोन्ही खारट असतात.

आणि हा सॉस गार होऊ द्या. पूर्ण गार. गार झालेलं पिठलं कसं घट्ट बसतं, तसा तो चमच्याने लावता येण्याइतका घट्ट झाला पाहिजे. ओतता येतोय म्हणजे अजून वेळ आहे. वर साय धरू नये म्हणून गरम असतानाच लोण्याचा तुकडा वरून फिरवून ठेवा.

हॅम तिकडे 'जांबाँ ब्लाँ' असतं, म्हणजे उकडलेलं, धूर न दिलेलं, फिकट गुलाबी. आपल्याकडे कोल्ड स्टोरेजच्या दुकानात मिळणारं बरंचसं हॅम धुरावलेलं असतं. चवीला वाईट नाही, पण ते बाकी सगळ्यांवर कुरघोडी करतं. पाकिटातल्या स्लाइसना पाणी सुटलेलं असतं, ते कागदी नॅपकिनने टिपून घ्या. चिकन हॅम वापरलंत तर तेही टिपा, त्याला बरंच पाणी सुटतं.

आता चीज. तिकडे ग्रुयेर, कोंते किंवा एमेंताल. रोजच्या घरगुती क्रोकमध्ये बहुतेक वेळा सुपरमार्केटच्या पिशवीतलं किसलेलं एमेंतालच असतं, त्यामुळे ग्रुयेर नाही म्हणून अडून बसू नका. क्यूब चीज आत घातलंत तर चालेल, वर मात्र नको. प्रोसेस्ड चीजमध्ये जे क्षार घालतात त्यांच्यामुळे ते गुळगुळीत वितळतं आणि गुळगुळीतच राहतं. ते फुगून, फोड येऊन, जागोजागी तांबूस होत नाही, आणि क्रोकची शोभा त्या फोडांत आहे. वरच्या थरासाठी गौडा किंवा एमेंताल शोधा, मोठ्या शहरात आता दोन्ही मिळतात. मोझरेला टाळा. त्याला पाणी सुटतं आणि लांबच लांब तार येते, ती पिझ्झाला ठीक. दोघांना 120 ग्रॅम पुरतं. घरीच किसा, कारण पिशवीतलं चीज चिकटू नये म्हणून त्याला बहुधा स्टार्च लावलेला असतो आणि ते तितकं एकजीव होत नाही.

जुळवणी सोपी आहे. ओव्हन 200 डिग्रीला तापवा. खालच्या स्लाइसला दिजों मोहरीचा, म्हणजे वाटलेल्या फ्रेंच मोहरीचा, अगदी पातळ हात. ती सरळ नाकात जाते, तेव्हा बेताने. मग चमचाभर बेशामेल, हॅमच्या दोन चकत्या सैलसर दुमडून, मूठभर चीज आणि दुसरा स्लाइस. त्याच्या डोक्यावर बेशामेल अगदी कडेपर्यंत लावा. कड उघडी राहिली की ती जळते. वर उरलेलं चीज. हे सगळं जाळीवर ठेवा, थंड ट्रेमध्ये नाही. तुमचा खालचाच स्लाइस गळतोय, म्हणजे मला ट्रेचाही संशय आहे. ट्रेच वापरायचा असेल तर तो ओव्हनबरोबर आधी तापू द्या. आठ-दहा मिनिटांनी फक्त वरचा रॉड चालू ठेवून दोन-तीन मिनिटं. त्या वेळात दारासमोरून हलू नका. तांबूस आणि काळा यांत अर्ध्या मिनिटाचं अंतर असतं, फोन घ्यायला गेलात की संपलं.

ओव्हन नसेल तर बेशामेल विसराच. जुन्या पद्धतीच्या क्रोकमध्ये तो नसायचाच. हॅम-चीज भरून सँडविच तव्यावर लोण्यात मंद आचेवर दोन्हीकडून परततात, वर छोटं जड झाकण ठेवून. खरं सांगू, घाईच्या दिवशी मी हाच करते. तो हातात धरून खाता येतो. सॉसवाल्याला काटा-सुरी लागते आणि बाजूला हिरवं सॅलड, तेल-व्हिनेगर-मोहरीत घोळवलेलं. हे सॅलड शोभेचं नाही. एवढ्या लोणी-चीजनंतर आंबट काही नसेल तर तिसऱ्या घासाला जीव थकतो.

वर अर्धकच्च्या बलकाचं तळलेलं अंडं ठेवलं की त्याची क्रोक-मादाम होते. अंडं म्हणजे बाईची हॅट, असं गमतीने सांगतात. निळं चीज घातलं तर ओव्हेर्न्या, टोमॅटो घातला तर प्रोव्हाँसाल. टोमॅटोच्या वाटेला तुम्ही एवढ्यात जाऊ नका, आधी कोरडा जमू दे.

उरलाच तर मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नको, अर्ध्या मिनिटात पुन्हा तोच लगदा. सकाळी तव्यावर झाकण न ठेवता, मंद आचेवर, खालची बाजू वाजेपर्यंत.