वाचकांचे प्रश्न : उद्देशिका पाठ आहे, पण कळली का?

संविधान दिनाच्या निमित्ताने भारतीय संविधानाच्या उद्देशिकेविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे या अंकात देत आहोत.

आमच्या शाळेत परिपाठाला रोज उद्देशिका म्हटली जाते. मुलांना पाठ आहे, पण अर्थ विचारला की गप्प बसतात. कशी शिकवावी?
– शिक्षिका, सातारा जिल्हा

मुले अडतात ती बहुधा शब्दांमुळे नव्हे, वाक्यरचनेमुळे. संपूर्ण उद्देशिका हे एकच वाक्य आहे. कर्ता अगदी सुरुवातीला आहे आणि क्रियापद अगदी शेवटी. मधले सगळे झाकून ठेवले तर उरते ते असे : ‘आम्ही, भारताचे लोक, … निर्धार करून … हे संविधान अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण करत आहोत.’ पहिल्या दिवशी फळ्यावर एवढेच लिहा. कोण बोलते आहे आणि काय करते आहे, हे मुलांना आधी कळू द्या.

दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारा : निर्धार कशाचा? उत्तर देणारे तीन ‘चा’ मुलांनाच शोधू द्या. गणराज्य ‘घडविण्याचा’, न्याय-स्वातंत्र्य-समानता ‘निश्चितपणे प्राप्त करून देण्याचा’ आणि बंधुता ‘प्रवर्धित करण्याचा’. तिन्ही ‘चा’ एकाच ‘निर्धार’ या शब्दाला येऊन मिळतात. म्हणताना नेमकी चूक इथेच होते. ‘घडविण्याचा’ शब्दाशी मुले पूर्णविराम असल्यासारखी थांबतात आणि ‘व त्याच्या सर्व नागरिकांस’ पासून जणू नवे वाक्य सुरू करतात. मग ‘त्याच्या’ म्हणजे कोणाच्या, हे कळायला मार्गच उरत नाही. ‘त्याच्या’ म्हणजे त्या गणराज्याच्या. लांब थांबा ‘नागरिकांस’ नंतर घ्यावा, कारण तिथून पुढे यादी आहे.

‘आम्ही’ नंतरचा स्वल्पविरामही म्हणताना ऐकू आला पाहिजे. ‘आम्ही’ कोण, ते पुढचे दोन शब्द सांगतात.

तिसऱ्या दिवशी प्रत्येक शब्दाला संविधानातले त्याचे घर दाखवा. ‘दर्जाची समानता’ म्हटले की अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ आणि किताब रद्द करणारा अनुच्छेद १८. ‘संधीची समानता’ म्हटले की सरकारी नोकरीविषयीचा अनुच्छेद १६. अभिव्यक्ती अनुच्छेद १९ मध्ये, श्रद्धा आणि उपासना २५ ते २८ मध्ये. सामाजिक आणि आर्थिक न्यायाचा मोठा भाग चौथ्या भागातल्या मार्गदर्शक तत्त्वांत सापडतो. ‘लोकशाही’ आणि ‘गणराज्य’ यांत मुलांची गल्लत होतेच. ब्रिटन आणि जपान लोकशाही देश आहेत, पण गणराज्ये नाहीत, कारण तिथले राष्ट्रप्रमुखपद वंशपरंपरेने येते. आपले राष्ट्रपती निवडून येतात.

अवघड शब्द मोजकेच आहेत. अंगीकृत म्हणजे स्वीकारलेले, अधिनियमित म्हणजे कायद्याचे रूप दिलेले, प्रवर्धित करणे म्हणजे वाढवणे. ‘स्वतःप्रत अर्पण’ यावर मात्र एक तास दिला तरी जास्त होणार नाही. देणारे आणि घेणारे एकच आहेत. हे संविधान कोणा राजाने किंवा परक्या संसदेने दिलेले नाही.

ग्रामपंचायत कार्यालयासमोर उद्देशिकेची शिळा बसवायची आहे. काही प्रतींत ‘समाजवादी धर्मनिरपेक्ष’ हे शब्द आहेत, काहींत नाहीत. कोणती खरी?
– सरपंच, सोलापूर जिल्हा

दोन्ही खऱ्या आहेत, पण आज लागू असलेली एकच. २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलेल्या मजकुरात ‘सार्वभौम लोकशाही गणराज्य’ असे होते आणि बंधुतेच्या ओळीत ‘राष्ट्राची एकता’ एवढेच होते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ आणि ‘एकात्मता’ हे शब्द घातले. हा बदल ३ जानेवारी १९७७ पासून अमलात आहे. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांच्या हस्ताक्षरातल्या आणि ब्यौहार राममनोहर सिन्हा यांच्या नक्षीने सजलेल्या मूळ इंग्रजी पानाचे छायाचित्र सगळीकडे दिसते. ते १९४९ च्या मजकुराचे असल्याने त्यात हे शब्द नाहीत. ऐतिहासिक चित्र म्हणून ते जरूर लावा. शिळेवर मात्र सध्याचा मजकूर हवा.

तो शासनाने छापलेल्या संविधानाच्या ताज्या मराठी आवृत्तीतून घ्या, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रावरून नको. कोरण्याआधी कारागिराकडून कागदावर पूर्ण आकाराचा नमुना मागवा. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने नमुन्यावर बोट ठेवून ताडून पाहावे, आणि मगच सही करावी. दगडावर खाडाखोड करता येत नाही. चार जागा खास तपासा : ‘समाजवादी धर्मनिरपेक्ष’, ‘एकता आणि एकात्मता’, ‘स्वतःप्रत’ आणि तारीख. तारीख सव्वीस नोव्हेंबर, १९४९ हीच. संविधान पूर्णपणे लागू झाले ते २६ जानेवारी १९५० ला, म्हणून ‘चूक सुधारली’ असे समजून ती तारीख कोरली जाते. आणखी एक गोष्ट. अधिकृत हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’ आहे, अधिकृत मराठी पाठात ‘धर्मनिरपेक्ष’. हिंदीवरून उतरवून घेतले की हे दोन पाठ मिसळतात.

उद्देशिकेत न्यायाचे आणि समानतेचे आश्वासन आहे. ते मिळाले नाही तर उद्देशिकेच्या आधारे न्यायालयात जाता येते का?
– निवृत्त कर्मचारी, नागपूर

केवळ उद्देशिकेच्या आधारे नाही. ती सरकारला नवा अधिकार देत नाही, आणि नागरिकाला स्वतंत्रपणे मागता येईल असा हक्कही देत नाही. उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली किंवा सर्वोच्च न्यायालयात ३२ खाली जाताना अर्जात आधी हक्क सांगावा लागतो, म्हणजे कोणत्या अनुच्छेदाचा भंग झाला ते. ‘उद्देशिकेचा भंग’ एवढ्यावर उभी केलेली याचिका टिकणे कठीण.

मग तिचा उपयोग काय? अनुच्छेदाच्या शब्दांचे एकाहून अधिक अर्थ संभवतात, तेव्हा कोणता घ्यायचा हे ठरवायला. तुम्ही निवृत्त आहात, म्हणून तुमच्याच विषयातले उदाहरण घेऊ. केंद्र सरकारने २५ मे १९७९ च्या आदेशाने निवृत्तिवेतन मोजण्याची पद्धत उदार केली, पण तिचा लाभ ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच दिला. आधी निवृत्त झालेले सगळे वगळले गेले. डी. एस. नाकरा खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १७ डिसेंबर १९८२ ला ही विभागणी कायद्यापुढे समानतेची हमी देणाऱ्या अनुच्छेद १४ विरुद्ध ठरवली. बोट ठेवले ते अनुच्छेद १४ वर. पण निवृत्तिवेतन म्हणजे सरकारची मेहेरबानी की म्हातारपणाची सुरक्षितता, हे ठरवताना न्यायालयाने उद्देशिकेतल्या ‘समाजवादी’ शब्दाचा आधार घेतला. अनुच्छेदाने दार उघडले, उद्देशिकेने दिशा दाखवली. तुमच्या अर्जातही हाच क्रम ठेवा. मात्र पुढच्या निकालांनी नाकरा निकालाची व्याप्ती बरीच मर्यादित केली आहे. प्रत्येक कालमर्यादा त्याच्या आधारे रद्द होत नाही, हे वकिलांकडून आधी समजून घ्या.

संसद उद्देशिका बदलू शकते का? ती संविधानाचा भाग नाही, असेही वाचले होते.
– विधी शाखेचा विद्यार्थी, पुणे

तुम्ही वाचलेले मत १९६० च्या बेरुबारी प्रकरणातले आहे. न्यायालयाने उद्देशिकेला निर्मात्यांच्या मनाची किल्ली म्हटले, पण संविधानाचा भाग मानले नाही. हे मत चुकीचे होते, कारण १७ ऑक्टोबर १९४९ ला संविधान सभेने ‘उद्देशिका हा संविधानाचा भाग राहील’ असा ठरावच संमत केलेला होता. २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने ही चूक दुरुस्त केली.

भाग आहे, म्हणून अनुच्छेद ३६८ प्रमाणे दुरुस्तीही होऊ शकते. दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोनतृतीयांश मत लागते. मर्यादा एवढीच की संविधानाची मूलभूत चौकट, म्हणजे त्याची पायाभूत वैशिष्ट्ये, मोडता येत नाही. धर्मनिरपेक्षता त्या चौकटीत येते हे १९९४ च्या बोम्मई निकालाने स्पष्ट केले. ४२ व्या दुरुस्तीतल्या शब्दांना आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ ला फेटाळल्या. उद्देशिकेवर १९४९ ची तारीख असल्याने तिच्यात नंतर काही घालता येत नाही, हा युक्तिवादही मान्य झाला नाही.

‘आम्ही, भारताचे लोक’ लिहिले गेले तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता. मग आम्ही त्या ‘आम्ही’त कसे?
– वाचक, फोंडा

प्रश्न रास्त आहे, आणि तो गोव्यापुरता नाही. संविधान सभा प्रौढ मतदानाने निवडलेली नव्हती. प्रांतांचे सदस्य प्रांतिक विधिमंडळांनी पाठवले होते आणि त्या विधिमंडळांचे मतदार शिक्षण, मालमत्ता, कर अशा अटींनी मर्यादित होते. हा आक्षेप सभेतही घेतला गेला. डॉ. आंबेडकरांची भूमिका अशी होती की संविधानाचा अधिकार लोकांकडून येतो, ब्रिटिश संसदेकडून नाही, आणि उद्देशिका तेच सांगते. संविधान मंजुरीसाठी ब्रिटिश राजाकडे पाठवले गेले नाही. उलट अनुच्छेद ३९५ ने १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य अधिनियमच रद्द केला. १९५१-५२ मध्ये प्रौढ मताधिकाराने पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा ज्यांना आधी मत नव्हते ते याच संविधानाखाली मतदार झाले.

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला आणि १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने संविधानाच्या पहिल्या अनुसूचीत आला. ‘आम्ही’ म्हणजे १९४९ मध्ये सही करणाऱ्यांची यादी असती, तर तुम्हीच काय, आज जन्मणारे कोणतेच मूल त्यात बसले नसते. जो भारताचा नागरिक आहे, तो त्या ‘आम्ही’त आहे. म्हणूनच क्रियापद ‘अर्पण केले’ असे नाही, ‘अर्पण करत आहोत’ असे आहे.

उद्देशिकेत ईश्वराचे नाव का नाही?
– वाचक, जळगाव

संविधान सभेचे सदस्य ह. वि. कामत यांनी ‘ईश्वराच्या नावाने’ अशी सुरुवात सुचवली होती. १७ ऑक्टोबर १९४९ ला मतदान झाले. बाजूने ४१, विरुद्ध ६८. श्रद्धेची सक्ती नको, आणि ईश्वराचा निर्णय मतांनी होऊ नये, असे म्हणणाऱ्यांत स्वतः श्रद्धाळू असलेले सदस्यही होते.

बंधुता हा शब्द नेहरूंच्या ठरावातून आला का?
– वाचक, इंदूर

नाही. १३ डिसेंबर १९४६ ला मांडलेल्या आणि २२ जानेवारी १९४७ ला संमत झालेल्या उद्दिष्टांच्या ठरावात न्याय, स्वातंत्र्य आणि समानता होती, बंधुता नव्हती. ती मसुदा समितीने घातली. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा सादर करताना डॉ. आंबेडकरांनी तसे स्पष्ट लिहिले, आणि देशात बंधुभावाची गरज आजच्याइतकी कधीच नव्हती, असे कारणही दिले. फाळणीचा रक्तपात ताजा होता आणि गांधीजींच्या हत्येला महिनाही झाला नव्हता. त्या ओळीतला क्रमही पाहा : आधी व्यक्तीची प्रतिष्ठा, मग राष्ट्राची एकता.