घर-दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

गणपतीआधी रंग द्यावा का?

*आमचे घर चिपळुणात, तळमजल्यावर. २०२१ च्या पुरानंतर घाईने दिलेला रंग पुढच्याच पावसाळ्यात पोपडे धरून सुटला. यंदा जुलैत पुन्हा तीन फूट पाणी आले. जांभ्याच्या नऊ इंची भिंती, आतून सिमेंटचा गिलावा, पुट्टी आणि प्लास्टिक पेंट. गाळ काढून घर धुतले, दारे-खिडक्या सताड उघड्या, पंखे रात्रंदिवस चालू. तरी भिंत हाताला गारच लागते.*

रंग देऊ नका. गणपतीला चुन्याचा हात फिरवा. चुन्यातून ओल बाहेर पडते, प्लास्टिक पेंटखाली ती कोंडते आणि पोपडे धरते. मागच्या वेळी तेच झाले.

भिंत वाळायला ढोबळमानाने इंचाला एक महिना लागतो. दोन्ही बाजूंनी वाळली तर नऊ इंचांना साडेचार महिने. पण पावसाळ्यात बाहेरची बाजू रोज भिजते, म्हणून हा हिशेब पाऊस थांबल्यापासून धरा. दिवाळीतही रंगाची घाई नको; थंडी सरता सरता द्या.

खिडक्यांचे उलटे होते आहे. श्रावणात कोकणातली हवाच ओलीचिंब असते, ती आत घेऊन भिंत कशी वाळणार? पाऊस असेल तेव्हा खोली बंद करून हवेतली ओल खेचणारा डीह्युमिडिफायर लावा, त्याची नळी मोरीत सोडा. तो नसेल तर एसी ‘ड्राय’वर चालवा. खिडकी उघडी ठेवून हे यंत्र चालवणे म्हणजे अख्खे कोकण वाळवायला घेणे. खोलीत एक साधा आर्द्रतामापक टांगा. काटा ६० टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. कडक ऊन पडले की मात्र समोरासमोरच्या खिडक्या उघडा. छताच्या पंख्यापेक्षा टेबल पंखा जमिनीवर ठेवून वारा भिंतीला घासून जाईल असा लावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नका. विषारी वायूने जीव जातो.

आधी पुराच्या खुणेच्या वर आणखी फूटभर रंग आणि पुट्टी खरवडून काढा, कारण भिंतीत पाणी खुणेपेक्षा वर चढलेले असते. हातोडीच्या दांड्याने गिलावा ठोकून पाहा. बदबद वाजेल तेवढा चिऱ्यापर्यंत उतरवा आणि भिंत वाळेपर्यंत तशीच उघडी ठेवा. प्रत्येक भिंतीची स्कर्टिंगची एक-दोन फरशी काढून मागे हात घाला. तिथे हमखास पाणी सापडते. कोपऱ्यातली जमिनीची एक लादीही उचला. खालची वाळू ओली असेल तर अशा आणखी काही लाद्या उचलून ठेवाव्या लागतील. भिंतीवर पांढरा लोणा फुटेल, तो कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर क्षार विरघळून परत आत जातो.

वाळली की नाही हे हाताने कळत नाही. दीड फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून २४ तास भिंतीवर ठेवा, एक जमिनीपासून अर्ध्या फुटावर, दुसरे पुराच्या खुणेजवळ. आतून दव धरले तर थांबा. पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा कोरडे निघाले की रंगाऱ्याला बोलवा.

बोर्ड उन्हात वाळवले, मेन चालू करू का? (सांगली)

नको. पाण्यात बुडालेले स्विच, सॉकेट, एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप पडून वीज तोडणारे स्विच) वाळवून वापरायचे नसतात. आत गाळाचा पातळ थर राहतो आणि एमसीबी ऐन वेळी पडत नाही. ते सगळे नवे घाला. भिंतीतल्या पाइपात पाणी साचून राहते. परवानाधारक वायरमनकडून तारा ओढून पाइप रिकामे करून घ्या आणि ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे तारांच्या आवरणातून वीज गळते का ते मोजणाऱ्या यंत्राने, तपासा. एक मेगओहमपेक्षा कमी दाखवणारी लाइन जोडू देऊ नका. हात फिरतोच आहे तर वीज गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवून घ्या. वर सांगितलेले पंखे-एसी या तपासणीनंतरच.

सागवानी कपाटाचे खण अडकलेत, शिवाय बुरशी आली. (महाड)

पुढून ओढाल तर खणाची पाटी निघून हातात येईल. मागची फळी काढून खण मागून ठोका. कपाट विटांवर उचलून सावलीत ठेवा. उन्हात वरचा भाग आधी आकसतो आणि लाकूड तडकते. फुगलेल्या एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर) खर्च करू नका.

भिंतीवरची बुरशी कोरडी खरवडू नका, बीजाणू घरभर उडतात. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. मग लिटरभर पाण्यात १५ ग्रॅम ब्लिचिंग पावडर कालवा, निवळू द्या, वरचे पाणी भिंतीला लावून दहा मिनिटांनी पुसा. त्यात संडास धुण्याचे अ‍ॅसिड मिसळलेत तर क्लोरीन वायू सुटतो. सागवानाला हे पाणी लावू नका, डाग पडतात. तिथे साबणाचे फडके पुरे.