जुंटा, हुंता की आणखी काही?

प्रश्न असा आहे : म्यानमारच्या बातम्यांत सारखा येणारा 'जुंटा' हा शब्द कुठला, त्याचा अर्थ हुकूमशहा असाच का, आणि त्याला मराठी शब्द काय?

शब्द स्पॅनिश. तिकडे उच्चार 'हुंता'. त्यातला 'ह' घशातून, जवळजवळ 'ख'कडे झुकलेला. इंग्रजांनी त्याचा 'जंटा' केला, आपण स्पेलिंगकडे बघून 'जुंटा' म्हणू लागलो. आता तो रुळलाय, राहू द्या. 'जंटा' मात्र नको. मुद्रितशोधकाची डुलकी लागली की त्याची 'जनता' व्हायची, आणि मग 'जनतेने सत्ता बळकावली' असं छापून यायचं!

मुळात हा शब्द अगदी निरुपद्रवी. अर्थ एवढाच, की जोडलेले, एकत्र बसलेले लोक. लॅटिनमधला 'जोडणे' या अर्थाचा धातू आणि आपला 'युज्' ही सख्खी भावंडं. त्यामुळे 'योग' आणि बैलांच्या मानेवरचं 'जू' हे दोन्ही 'जुंटा'चे भाऊबंदच. स्पेनमध्ये आजही आंदालुसिया प्रांताच्या निवडून आलेल्या सरकारचं नाव 'हुंता दे आंदालुसिया' असं आहे. १८०८ साली नेपोलियनशी लढायला गावोगाव ज्या समित्या उभ्या राहिल्या, त्याही हुंताच.

लष्करी वास लागला तो पुढे. तरीही जुंटा म्हणजे एक माणूस नव्हे, मंडळ. अर्जेंटिनात मार्च १९७६ मध्ये भूदल, नौदल आणि हवाईदल यांच्या प्रमुखांनी मिळून सत्ता घेतली. त्यांतला भूदलप्रमुख व्हिदेला राष्ट्राध्यक्ष झाला खरा, पण त्याला नेमलं या तिघांच्या जुंटानेच. सत्तेतला वाटाही दलांनी तिसरा-तिसरा हिस्सा असा ठरवून घेतला होता. वडिलोपार्जित शेताची वाटणी व्हावी तसा. पुढे १९८१ मध्ये व्हिओला नावाचा अध्यक्ष जुंटाने वर्षही पुरं होऊ न देता काढून टाकला. चिलीत उलटं घडलं. १९७३ च्या जुंटात चौघे होते, तिन्ही दलांचे प्रमुख आणि सशस्त्र पोलिसांचा. वर्षभरात भूदलप्रमुख पिनोशे सगळ्यांच्या वर जाऊन बसला आणि १९७८ मध्ये कुरकुर करणाऱ्या हवाईदलप्रमुखाला त्याने घरी पाठवलं. जुंटा उरली कायदे करण्यापुरती.

म्हणून 'हुकूमशहा' हा अर्थ चुकीचा आणि 'लष्करी राजवट' जरा ढोबळ. राजवट म्हणजे सगळा कारभार. जुंटा म्हणजे त्याच्या शेंड्यावर बसलेली चार-दोन माणसं. मला 'सेनानी-मंडळ' बरा वाटतो, पण बातमीच्या मथळ्यात तो मावणार नाही. गंमत म्हणजे म्यानमारचे सेनापती स्वतःला जुंटा म्हणवतच नाहीत. १९८८ मध्ये त्यांनी 'कायदा व सुव्यवस्था पुनःस्थापना परिषद' असं नाव घेतलं, १९९७ मध्ये 'शांतता व विकास परिषद', २०२१ मध्ये 'प्रशासन परिषद'. जुंटा म्हणतो ते आपण.

राहता राहिलं सामान्यरूप. स्पॅनिशमध्ये शब्द स्त्रीलिंगी आहे, आणि मीही वर नकळत 'जुंटा उरली' लिहून गेलोच. विभक्ती लावताना मात्र 'जुंटाने'च लिहावं. 'सोड्याने', 'कोट्याने' या चालीवर 'जुंट्याने' केलं, तर तो तालमीतला कुणी पैलवान वाटतो.