वाचकांचे प्रश्न : ऑफिस, घाट आणि शर्यत, सायकल एक, टायर कोणते?

प्रश्न : मी कोथरूडहून हिंजवडीला आठवड्यातून चार दिवस रोड बाइकने कामावर जातो, रविवारी सिंहगड किंवा कात्रजचा घाट चढतो आणि येत्या हिवाळ्यात पहिल्यांदाच ८० किलोमीटरच्या शर्यतीत उतरणार आहे. माझे वजन ७२ किलो आहे. सायकलला रिम ब्रेक (चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला, दाबणारे ब्रेक) असून सध्या २५ मिलिमीटरचे टायर आहेत. दुकानदार सांगतात, शर्यतीसाठी २३ चे टायर घ्या आणि १२० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा भरा. मित्र २८ चे घ्यायला सांगतो. शिवाय महिन्यातून दोनदा तरी पंक्चर होते. तिन्ही कामांना एकच टायर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या मित्राचे म्हणणे बरोबर आहे. दुकानदारांचा सल्ला खोटा नाही, पण जुना आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी व्यावसायिक शर्यतपटूही २३ चेच टायर वापरत, आज त्यांच्या सायकलींना २८ आणि त्याहून रुंद टायर असतात. हा बदल का झाला, हे समजून घेतले तर आपली निवड सोपी होईल. टायर रस्त्याला टेकतो तिथे दबतो आणि चाक पुढे सरकले की पूर्ववत होतो. दबण्यात खर्च झालेली सगळी शक्ती मात्र परत मिळत नाही, तिचा काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. समान दाबाला रुंद टायरचा टेकलेला भाग आखूड आणि आडवा असतो, म्हणून त्याची बाजू कमी वाकते आणि कमी शक्ती वाया जाते. दुसरे कारण आपल्या रस्त्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. १२० पीएसआयचा टायर आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर चांगला धावेल, पण खरखरीत डांबरावर किंवा सिमेंटच्या रस्त्यांच्या सांध्यांवर तो प्रत्येक खडीच्या दाण्यावरून उसळतो, आणि पुढे जाण्यासाठी लावलेले बळ सायकल व स्वार यांना वर उचलण्यात खर्च होते. कडक टायरवर आपण वेगात आहोत असे वाटते, ते बरेचसे हातांना बसणाऱ्या कंपनांमुळे वाटते.

पहिले काम दुकानात जाण्याचे नव्हे, फ्रेम मोजण्याचे आहे. रिम ब्रेकच्या अनेक सायकलींत ब्रेकच्या कमानीखाली २८ चा टायर जेमतेम बसतो, आणि रुंद रिमवर चढवल्यावर तोच टायर छापलेल्या मापापेक्षा मिलिमीटरभर किंवा त्याहून थोडा अधिक भरतो. टायर आणि फ्रेम, फोर्क (पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा) किंवा ब्रेक यांत सगळीकडून निदान ४ मिलिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर पावसाळ्यात चिकटलेली खडी रंग खरवडते आणि क्वचित चाकही अडवते. तेवढी जागा नसेल तर २५ वरच राहावे; त्यात कमीपणा काहीच नाही.

आता हवा. आपल्या वजनाला २८ च्या टायरमध्ये मागे सुमारे ७५ आणि पुढे ७० पीएसआय, तर २५ च्या टायरमध्ये मागे ८८ आणि पुढे ८३, येथून सुरुवात करावी. मागच्या चाकावर भार अधिक असतो, म्हणून हा फरक. नंतर दोन-दोन पीएसआयने कमी करत पाहावे. स्पीडब्रेकरवर किंवा खड्ड्याच्या काठावर रिम जमिनीला लागल्याचा धक्का जाणवला, की फार कमी झाले असे समजावे. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. गेज असलेला उभा पंप घरात असणे मी महागड्या टायरपेक्षाही आवश्यक मानतो, कारण साध्या ब्यूटाइल (कृत्रिम रबराच्या) ट्यूबमधूनही आठवड्यात हवा उतरते आणि अंगठ्याने दाबून ती कळत नाही.

पंक्चरबद्दल थोडे सविस्तर लिहितो. ट्यूब काढल्यावर छिद्र कसे आहे ते आधी पाहावे. शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा असतील तर हवा कमी होती आणि रिमने ट्यूबला चिमटा काढला. एकच सुईसारखे छिद्र असेल तर हायवेच्या कडेला पडलेली तार शोधावी. ट्रकच्या फाटलेल्या टायरमधून निघालेले पोलादी तारांचे बारीक तुकडे हे आपल्याकडच्या पंक्चरचे मोठे कारण आहे, आणि तो तुकडा टायरमध्येच राहिला तर नवी ट्यूबही दोन किलोमीटरवर जाते. टायरवरचा शिक्का नेहमी व्हॉल्व्हपाशी ठेवून टायर चढवावा, म्हणजे ट्यूबमधल्या छिद्रावरून टायरमधली जागा लगेच सापडते. रोज घरी आल्यावर दोन्ही टायरवरून नजर फिरवून काचेचे कण टोकदार पिनेने काढले, तर अर्धी पंक्चर होण्याआधीच टळतील, असा माझा अनुभव आहे. पावसाळ्यात हे अधिक काटेकोरपणे करावे. ओल्या रबरात काच सहज शिरते.

एकच टायर चालेल का, याचे उत्तर असे : ऑफिस आणि सराव यांना एकच जोडी चालेल, शर्यतीसाठी दुसरी ठेवावी. पहिल्या जोडीत संरक्षक पट्टा असलेला मध्यम वजनाचा टायर घ्यावा. कॉन्टिनेंटलचा गेटरस्किन त्या जातीचा आहे. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये ५ मिलिमीटर जाडीचा रबरी थर असतो आणि तो पंक्चरला फारच क्वचित दाद देतो, पण २८ चा एक टायरही अर्ध्या किलोहून जड असल्याने रविवारी सिंहगडावर आपल्याला त्याचा आनंद मिळणार नाही. शर्यतीसाठी कॉन्टिनेंटलच्याच ग्रांप्री ५००० सारखा पातळ, लवचीक टायर घ्यावा. त्याचे २८ चे वजन सुमारे पाव किलो भरते. तो शर्यतीच्या दोन आठवडे आधी चढवावा आणि घाटातील एखादी उतरण त्यावर करून पाहावी, अगदी आदल्या रात्री चढवू नये. लॅटेक्स (नैसर्गिक रबर) किंवा टीपीयूच्या (एक लवचीक प्लास्टिक) हलक्या ट्यूबचा मोह होईल, पण लांब उतारावर रिम ब्रेकमुळे रिम तापते आणि काही उत्पादक या ट्यूब रिम ब्रेकसाठी वापरू नयेत असे स्पष्ट लिहितात. आपण ब्यूटाइल ट्यूबच वापराव्यात.

प्रश्न : मी २०० आणि ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या) करते. डिस्क ब्रेकच्या नव्या सायकलला ३२ चे टायर आहेत. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) करावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्यासाठी करावे. ३२ च्या टायरमध्ये ५५ ते ६० पीएसआय पुरते, आणि एवढ्या कमी दाबाला सीलंट (टायरमध्ये भरलेला, छिद्र बुजवणारा द्रव) छिद्र लवकर बुजवते. त्याहून बराच अधिक दाब असला तर ते छिद्रातून फवाऱ्यासारखे उडून जाते. आपल्या उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकते, ते तपासून पुन्हा भरण्याची तयारी मात्र हवी. रिम हुकलेस (टायरची कड अडकवणारी आतली वळणदार कड नसलेली) असेल तर केवळ त्यासाठी मान्य केलेलाच टायर चढवावा आणि दाब ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय, याच्या वर कदापि नेऊ नये. येथे टायर रिमवरून सुटण्याचा धोका असतो. ३०० किलोमीटरला २० तास मिळतात आणि त्यांतील काही रात्रीचे असतात, म्हणून एक ट्यूब, टायर काढण्याचे लिव्हर आणि पंप सोबत असू द्यावेत.

प्रश्न : कोकणातल्या पावसात घसरू नये म्हणून खोल नक्षीचे टायर घ्यावेत का?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : डांबरी रस्त्यासाठी गरज नाही. मोटारीचा रुंद टायर वेगात पाण्यावर तरंगतो, म्हणून त्याला खाचा लागतात. सायकलचा अरुंद, गोलाकार टायर पाणी बाजूला सारतो आणि सायकलच्या वेगाला तसा तरंगत नाही. पकड रबराच्या मऊपणावर आणि हवेच्या दाबावर अवलंबून असते. वर्षानुवर्षे टिकणारे कडक रबर ओल्यात बहुधा कमी पकडते, म्हणून पुढच्या चाकाला तरी मऊ रबराचा टायर ठेवावा आणि पावसात दाब पाच पीएसआयने उतरवावा. मागचा टायर झिजला की पुढचा मागे न्यावा आणि नवा पुढे चढवावा, कारण पुढचे चाक घसरले तर सावरता येत नाही. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि पुलांचे लोखंडी सांधे यांवर मात्र कोणताही टायर घसरतो. ते सायकल सरळ ठेवून, ब्रेक न लावता ओलांडावेत.