दोघांची निवृत्ती एकाच दिवशी?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा नवरा साठीला निवृत्त होईल त्याच दिवशी तूही नोकरी सोडायची, असं तुम्ही दोघांनी ठरवलंय. इतक्या आधी विचार करताय, हे मला फार आवडलं. पण तो तुझ्याहून सहा वर्षांनी मोठा. म्हणजे तू तेव्हा ५४ ची असशील. म्हणून हे पत्र.

सोबत असावंसं वाटणं स्वाभाविक आहे. गस्टमन आणि स्टाइनमायर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच दिसलं. वयात अंतर असलं तरी पुष्कळ जोडपी आगेमागेच निवृत्त होतात, आणि त्यामागे नुसता पैशाचा हिशेब नसतो, एकमेकांसोबत वेळ घालवायची ओढ असते. मात्र या ओढीची किंमत वयाने लहान असलेला जोडीदार मोजतो, आणि ती बहुधा बायकोच असते.

तू नव्वदीपर्यंत जगलीस तर साठवलेला पैसा ३६ वर्षं पुरायला हवा. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर खर्च १२ वर्षांत दुप्पट होतो, ३६ वर्षांत आठपट. बायका सरासरीने जास्त जगतात, त्यात तू लहान. शेवटची काही वर्षं तू एकटी असण्याची शक्यता मोठी आहे. लिहिताना जीव जड होतो, पण हिशेब त्या वर्षांचाच करायचा असतो. मुलांसाठी नोकरीत खंड पडला, तर तो भरून काढायची संधी पन्नाशीनंतरच्या पगारातच मिळते. नेमकी तीच वर्षं तू सोडायला निघाली आहेस.

एका कागदावर दोघांची वयं शेजारी-शेजारी लिहा, दर वर्षाला एक ओळ. कुणाचा पगार कुठे थांबतो, कर्जाचा शेवटचा हप्ता कधी, तो गेल्यावर त्याच्या पेन्शनमधलं तुला किती मिळेल, सगळं त्या त्या ओळीत मांडा. तुझी तारीख त्या कागदावरून ठरू दे.

दिवसभर घरी एकटा काय करू, हा त्याचा प्रश्न खरा आहे, पण तुझा राजीनामा हे त्याचं उत्तर नव्हे. स्वयंपाक, बिलं, घरातल्या वडीलधाऱ्यांची औषधं त्याने हाती घ्यावीत. शेवटची दोन-तीन वर्षं तुला अर्धवेळ काम मिळालं तर उत्तमच. कुणाची तब्येतच साथ देत नसेल तर मात्र पगाराकडे बघू नका, सोबत राहा.

आणि त्याच्या नोकरीतला आरोग्य विमा निवृत्तीनंतर तुला लागू राहतो का, हे त्याला याच आठवड्यात विचारायला सांग.

तुझी,
मावशी